‘स्नोमोबिल म्हणजे पट्टा लावलेली स्कूटी’? कोणी ठरवलं हे?

गॅरेजवाला_वर्धा :
काल कोणीतरी गुलमर्गच्या स्नोमोबिलचा, म्हणजे पुढे स्की आणि मागे पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचा, फोटो टाकून लिहिलं : “स्कूटीचं व्हेरिएटर (पट्टा-पुलीचं आपोआप बदलणारं गिअर), राजदूतचं टू-स्ट्रोक, मांगं रबरी पट्टा. १९५९ पासून काही बदललं नाही, फक्त किंमत वाढली.” खाली अंगठ्यांची रांग. त्यात रोज पाना धरणारेही दिसले, म्हणून लिहितो. नाहीतर सोडून दिलं असतं.

पहिली चूक, सुरुवात १९५९ ची नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ साली लांब लाकडी घसरगाडीला होडीचं अडीच हॉर्सपॉवरचं जॉन्सन इंजिन आणि फोर्ड मॉडेल टीचं रेडिएटर बसवलं. पुढच्या स्की दोरीने वळायच्या. कॅनडात क्विबेकमधल्या वालकूरच्या जोसेफ-आर्मांद बोम्बार्डिए या मेकॅनिकचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, बर्फामुळे दवाखाना गाठता आला नाही. स्प्रॉकेट (दातेरी चाक) आणि पट्ट्याचं बोम्बार्डिएचं पेटंट १९३७ चं, आणि त्यावरची पहिली गाडी सात जण बसणारी, बंद केबिनची होती. एकट्या-दुकट्याची त्याची हलकी स्की-डू १९५९ ची, कारण त्याआधी तेवढं हलकं इंजिन आणि सलग रबरी पट्टाच हाताशी नव्हता.

दुसरी चूक जास्त गमतीची. त्या १९५९ च्या गाडीत सात हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन होतं, आणि ते फोर-स्ट्रोक होतं! रोटॅक्स कंपनीचं टू-स्ट्रोक नंतर आलं. तेव्हा ‘तेव्हापासून तेच’ हे इंजिनाच्या बाबतीतच चुकलं.

तिसरी चूक व्हेरिएटरची. स्कूटीत व्हेरिएटरचा पट्टा दोन्ही पुलींवर कायम धरलेला असतो आणि जोडायचं-सोडायचं काम मागच्या सेंट्रिफ्युगल क्लचचं. स्नोमोबिलला तो क्लचच नाही. आयडलवर पुढच्या पुलीचे गाल (दोन्ही तबकड्या) उघडे, पट्टा सैल. साधारण साडेतीन-चार हजार आरपीएमला पुलीतली वजनं (फ्लायवेट) बाहेर फेकली जातात, गाल मिटतात, तेव्हा पट्टा धरतो. म्हणजे गाडी सुटताना जी घासाघीस होते ती सगळी पट्ट्याच्या अंगावर. रात्री मागचा ट्रॅक, म्हणजे बर्फावर फिरणारा रुंद रबरी पट्टा, जमिनीला गोठून बसला आणि सकाळी तसाच रेस दिला, तर पुली एकाच जागी फिरत राहते आणि व्हेरिएटरचा पट्टा तिथे झिजून त्याला कंबर पडते. मग प्रत्येक फेरीला धक्का. आधी मागची बाजू उचलून ट्रॅक मोकळा करायचा, मग रेस.

रोखठोक_अकोला :
ती पोस्ट मीच टाकली व्हती. नाव घ्याले काय झालं?
भाऊ, इतिहास चांगला सांगतला, पन मुद्दा तसाच रायला. सात हॉर्सपॉवरचे एकशेसाठ झाले याले बदल नाई म्हनत, वाढ म्हनते. सामोरच्या पुलीत वजनं, मांगच्या पुलीत स्प्रिंग आन् हेलिक्स म्हंजे टॉर्क कॅम, मधात पट्टा. तत्त्व तेच हाये का नाई, हो का नाई सांगा.

गॅरेजवाला_वर्धा :
तत्त्व धरून बसलं तर बैलगाडी आणि ट्रॅक्टरही तेच, दोघांनाही चाकं आहेत.
खालचा ट्रॅक ज्यावर चालतो ते बघा. आधी बोगी व्हील, म्हणजे ट्रॅकच्या आत छोट्या चाकांच्या जोड्या. ७० च्या दशकात स्लाइड रेल सगळीकडे पसरली : अॅल्युमिनियमची रेल, खाली प्लास्टिकची पट्टी, त्यावरून ट्रॅकच्या लोखंडी क्लिपा घसरतात. वजन उतरलं, ट्रॅक जमिनीला सपाट टेकला. पुढे स्कीला पाटा स्प्रिंग असायची. १९८० ला पोलारिस कंपनीने टीएक्स-एल इंडीत दोन्ही स्की स्वतंत्र सस्पेन्शनवर टाकल्या. २००३ च्या स्की-डू रेव्हने बसणाराच पुढे सरकवला. आता हे सगळं ‘वाढ’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

टूटी_जिंदाबाद :
बाकी जाऊ द्या. अमेरिकेत अजून टू-स्ट्रोक चालते, ८५० सीसीत १६० च्या वर हॉर्सपॉवर देते, आणि आपल्याकडे आरएक्स १०० काढली की लोक नाक धरतात. धुराचा सगळा दोष गरिबाच्या लुनाले!

फोरस्ट्रोक_यवतमाळ :
झालं, आले हे. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, पाव हिस्सा पेट्रोल न जळता सरळ सायलेन्सरात. तोच धूर. आताच्या बऱ्याच मशीनमध्ये डायरेक्ट इंजेक्शन आहे. पिस्टन वर येऊन पोर्ट झाकत आला की पेट्रोल थेट सिलिंडरात, तेल वेगळ्या पंपाने, लोडप्रमाणे. ती तुमची टूटी, म्हणजे जुनी टू-स्ट्रोक, नाहीच. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर धूर-आवाजाचे नियम इतके कडक झाले की बहुतेक फोर-स्ट्रोकच आत जायच्या.

टूटी_जिंदाबाद :
मंग यामाहाचं काय झालं ते पण सांगा की. २००३ च्या आरएक्स-१ मध्ये हजार सीसीचं चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक घातलं. सडकेसारख्या दाबलेल्या बर्फावर मस्त, भुसभुशीत बर्फात नाक खाली. शेवटी २०२३ ला जाहीर केलं की २०२५ नंतर बनवणार नाही. कोण जिंकलं?

फोरस्ट्रोक_यवतमाळ :
धंदा बंद होणं आणि इंजिन हरणं एकच असतं का? असो, वजनाचं मान्य. खोल बर्फात टू-स्ट्रोकच बरी. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.

रोखठोक_अकोला :
तुमचं भांडन चालू द्या. मले हे सांगा, ती रेल इतकी हलकी आन् चांगली असन, तं धानाच्या हार्वेस्टरले काहून नाई लावत? तिकडं भंडाऱ्यात पट्ट्यावालं हार्वेस्टर गाऱ्यात बसते तं बसतेच, वरून पट्टाबी उतरते. रोलर काढा, रेल टाका. वजन कमी.

धानपट्टा_लाखांदूर :
अहो जी, कधी हार्वेस्टरच्या खाली वाकून पाह्यलं का? रेलवरची प्लास्टिक पट्टी बर्फाच्या पाण्यावर घसरते, बर्फच तिचं ग्रीस. डांबरावर किंवा टणक, काचेसारख्या बर्फाच्या थरावर ती मशीन थोडी लांब चालवली की पट्टी वितळून क्लिपांना चिकटते. म्हणून तिथले लोक रेलला स्प्रिंगसारखे ओरखडणारे काटे लावतात, ते बर्फ खरवडून रेलवर उडवतात. कन्हारीच्या, म्हणजे काळ्या चिकट जमिनीच्या, चिखलात काय उडवणार? माती म्हणजे सरसकट घासकाम, एका सीझनमध्ये पट्टी संपेल.
दुसरं, स्नोमोबिलच्या ट्रॅकमध्ये रबर, कापड आणि फायबरच्या काड्या. हार्वेस्टरच्या पट्ट्यात आत लोखंडी गाभे आहेत, रोलर त्यांच्यावर चालतात. काही टनांचं वजन आहे ते. बर्फावरच्या मशीनचा दाब माणसाच्या पावलापेक्षा कमी.
आणि पट्टा उतरतो तो रोलरमुळे नाही. चिखलात जागच्या जागी वळवता, धुऱ्यावर तिरपं चढवता, आणि पट्टा ढिला असतो. ती बाजू जॅकवर उचला, पट्टा जमिनीपासून सुटू द्या, रोलरमधली माती-तणस काढा, मागच्या आयडलरचं लॉकनट सोडून टेन्शन बोल्ट आवळा, एक पूर्ण फेरी फिरवून पुन्हा झोल पाहा. माती न काढता आवळला की माती निघाल्यावर पट्टा पुन्हा ढिला. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात, आणि मग मेकॅनिकले शिव्या.

रोखठोक_अकोला :
शिव्या कोन देल्या? इचारलं फक्त. भंडाऱ्याचे लोक लवकर तापते राजा, पाण्यानं थंड होनारं इंजिन असूनबी.

धानपट्टा_लाखांदूर :
तापतो कारण हार्वेस्टर भाड्यानं आणून तुमच्यासारखेच वळणावर रेस देतात. सिहार, म्हणजे हलक्या जमिनीत खपून जातं, कन्हारीत नाही.

गॅरेजवाला_वर्धा :
पाण्याच्या इंजिनावरून आठवलं. स्नोमोबिलचं पाणी थंड होतं ते टनेलखालच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्याखालच्या) हीट एक्स्चेंजरवर ट्रॅकने उडवलेल्या बर्फाने. बर्फ नाही, तर थंडी उणे असली तरी इंजिन तापतं. उलट सकाळी गार पाण्यात लगेच फुल रेस दिली की पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, इंजिन जाम (सीज). तापमानाचा काटा हलेपर्यंत आयडल.
आणि रेलच्या वादावर एकच : बोम्बार्डिएनेच १९५३ मध्ये दलदलीसाठी मस्केग ट्रॅक्टर काढला. त्याच्या पट्ट्याखाली रेल नव्हती, चाकं होती. बर्फ आणि चिखल यातला फरक त्याला तेव्हाच कळला होता.

रोखठोक_अकोला :
बरं बावा, रेल वापस घेतो. दलदलीचं पटलं. स्कूटी मात्र वापस घेत नाई. मांगच्या पुलीतला टॉर्क कॅम दोनीकडं हाये, हे तुमीबी नाई नाकारलं.

गॅरेजवाला_वर्धा :
टॉर्क कॅम आहे, ठीक. अर्धी स्कूटी मंजूर.

टूटी_जिंदाबाद :
पुलीचे गाल पेट्रोलने पुसले तर चालते का? पट्टा घसरून रायला एका गाडीचा. स्कूटीच हाये, स्नोमोबिल नाही.

गॅरेजवाला_वर्धा :
पेट्रोल नको, तेलाचा अंश राहतो. गाल हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासा, मग थिनरने पुसून सुकवा. पट्ट्याला थिनर लावू नका, गरम पाणी आणि साबण. पट्ट्यावरची अक्षरं आधी ज्या दिशेने होती त्याच दिशेने तो बसवा. आणि सीलमधून गिअर ऑइल झिरपतंय का ते आधी बघा, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा इथेच विचारायला याल.