फोटोत हात कुठे ठेवायचे? – तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. एरवी एकमेकांच्या अंगावर रेलून गप्पा हाणणारे आम्ही 27 जण कॅमेऱ्यासमोर राष्ट्रगीताला उभे राहिल्यासारखे ताठ! फोटोग्राफर म्हणाला, "नॅचरल राहा." झालं, सगळे आणखीच आखडले. मी हात पोटावर बांधले, तर फोटोत भटजींपेक्षा मीच गंभीर. तुमच्याकडे घरचे फोटो सहज कसे येतात? फजितीही चालेल.

– – –

18 वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, म्हणून थोडं लांबण लावतो. "नॅचरल राहा" आणि "हसा" म्हणणं मी कधीच सोडलं. हातांना काम दिलं की चेहरा आपोआप सैल होतो. आजोबांना काठी धरू दे, पोराला कुणी कडेवर घ्या, भावाच्या खांद्यावर हात टाका. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकलं की माणूस खांब दिसतो, एका पायावर भार द्या. मग मी विचारतो, "घरात सगळ्यात जास्त घोरतं कोण?" सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. तेव्हा लागोपाठ चार-पाच फोटो! डोळे मिटणारे असतील तर सगळ्यांनीच मिटायचे आणि तीन म्हटल्यावर उघडायचे. आणि हो, मोबाइलच्या वाइड लेन्सने कडेची माणसं रुंद दिसतात. अंगाने भरलेल्या काकूंना टोकाला उभं करू नका, पुढे वर्षभर ऐकावं लागतं.

– – –

आमच्या लहानपणी 'सहज' परवडत नव्हतं. वडिलांकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा, 120 नंबरच्या फिल्म रोलवर 12 फोटो. तो रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा. "हललास तर बघ!" हीच आमची पोझ. 1974 च्या फोटोत धाकटा हललाच, त्याच्या डोक्याच्या जागी नुसता ढग आहे. वडिलांनी तोही अल्बममध्ये चिकटवला. पैसे भरले होते ना!

– – –

15 वर्षांच्या अल्बममध्ये मी तीनदा आहे. आमच्याकडे फोटो कोण काढतं, ओळखा.

– – –

न्यू जर्सीहून. ऑक्टोबरात पानं रंगली की इथे फोटोग्राफरची वेळ घेऊन पार्कात जातात. आम्ही चौघं एकसारख्या निळ्यात, सासूबाई पैठणीत आणि पायात स्पोर्ट्स शूज. मुलगा 14 वर्षांचा, म्हणजे चेहरा संपावर. अर्धा तास तसाच गेला. शेवटी सासूबाईंनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला, "आधी खाऊन घ्या रे." आम्ही निवडलेले सगळे फोटो त्यानंतरचे. एकात पाचही जणांचे गाल फुगलेत.

– – –

पुन्हा मीच, धागाकर्ती. घोरण्याचा प्रश्न रविवारी विचारून पाहिला. सगळ्यांनी एकदम बाबांकडे पाहिलं, आजी तर तोंड उघडून हसली. काय फोटो आलाय! मोठा करून तिला नेऊन दिला. चष्मा लावून तिने बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "कवळी कुठाय गं माझी यात?"

भिंतीवर तिने राष्ट्रगीतवालाच लावून घेतलाय. त्यात 27 च्या 27 मोजता येतात म्हणे.