मदत हवी आहे: रोजगाराची चार-पाच कार्यालयं एका बैठकीत बसवायची कशी?

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यातल्या (जि. बीड) आम्ही काही गावांतली पोरं मिळून कामाच्या शोधात असलेल्या मुलामुलींची यादी करायलोत. योजनांची कमतरता नाही, पण ज्यानं त्यानं आपलं तेवढं केलं की विषय संपतो.

नोंदणी महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर. ट्रेड आणि अप्रेंटिसशिप आयटीआयकडं. बचत गटातल्या बायांची घरटी माहिती उमेदकडं (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान). मोफत निवासी प्रशिक्षण अग्रणी बँकेच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था), कर्ज-अनुदान जिल्हा उद्योग केंद्रात. एकच पोरगं तीन ठिकाणी नोंदवलेलं असतं आणि घरीच असतं. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत महिन्याला बारावीवाल्याला ६ हजार, आयटीआयला ८, पदवीला १० हजार विद्यावेतन होतं. मुदत सहाची अकरा महिने झाली, तीही संपली की पुन्हा पारावर.

रोजगार मेळाव्यात नेमणुकीचं पत्र मिळून वाळूजला (छत्रपती संभाजीनगरजवळची एमआयडीसी) गेलेली पोरं दीड-दोन महिन्यांत माघारी येतात. कामाला कंटाळून नाही. खोलीचं डिपॉझिट, मेस आणि पगार हातात पडेपर्यंतचा पहिला महिना निभत नाही. मुकादम उचल आधी देतो, कंपनी पगार नंतर. म्हणून कोयता, म्हणजे ऊसतोड, सोपा वाटतो. त्यात दसऱ्यानंतर निम्मा तालुका साखर कारखान्यावर. तेव्हा मंडप टाकून बसणार कोण? प्रशिक्षण मे ते सप्टेंबरमध्येच हवं.

या सगळ्यांना एकत्र बोलवायचा अधिकार कुणाला असतो? कुणी असं जमवलंय का?

प्रतिसाद (परभणी): जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची कौशल्य विकास समिती असते. कौशल्य विकासच्या सहायक आयुक्तांकडं अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, आवक नंबर घ्या. ‘रोजगार द्यावा’ असं मोघम लिहू नका, फायलीत जाईल. तालुक्याची एक सामाईक यादी आणि रुजू झाल्यावर तीन महिने विचारपूस करणारा एक माणूस, एवढंच मागा. आरसेटी प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करते, ते उदाहरण म्हणून अर्जात लिहा.

प्रतिसाद (वाळूज): एकेका कंपनीचं गेट गाठू नका. मसिआ किंवा सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनांना यादी घेऊन भेटा. पोरं एकेकटी पाठवू नका दादा, दहा-बाराचा गट करा. खोली वाटून घेतात, टिकतात. आणि पहिल्या महिन्याची आगाऊ रक्कम बैठकीतच काढा, नंतर कुणी ऐकत नाही.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. आगाऊचा मुद्दा अर्जात सगळ्यात वर घेतो. उमेदच्या ग्रामसंघातून (गावातल्या बचत गटांचा संघ) तेवढ्यापुरतं कर्ज पोराच्या आईच्या नावावर निघू शकतं का? उमेदच्या तालुका अभियान कक्षात काम केलेलं कुणी असेल तर सांगा. अर्जाचा नमुना असला तर तोही टाका.