मदत हवी आहे: गेटवरून परत पाठवलं आणि आता ‘न कळवता गैरहजर’ म्हणून कामावरून काढलं (बेळगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा आहे. दादा हल्ली या विषयावर घरातसुद्धा धड बोलत नाही, म्हणून मी लिहितेय.

दादा उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कामाला. अकरा वर्षं झाली. पहिली चार वर्षं कंत्राटदाराच्या नावावर, नंतर कंपनीच्या रोलवर. काम तेच, पाळ्या त्याच, फक्त पगाराच्या स्लिपवरचं नाव बदललं. आमचं गाव खानापूर तालुक्यात, त्यामुळे पहिली पाळी असली की पहाटेची बस.

दिवाळीनंतर ऑर्डरी वाढल्या आणि बारा-बारा तास काम सुरू झालं. जादा तासांचे पैसे मात्र साध्या दरानेच. दादाने आणि आणखी काही जणांनी दुप्पट दराचा लेखी अर्ज दिला. अर्जावर पहिली सही दादाची. पुढच्याच महिन्यात एका सकाळी वॉचमनने गेटवर अडवलं, “तुमचं पंचिंग बंद केलंय, आत सोडू नको म्हणून सांगितलंय.” दुसऱ्या दिवशीही तेच. दादाने एचआरच्या साहेबांना फोन केला, तर “थांब, कळवतो.” मग “मी गेटवर उभा आहे, आत सोडत नाहीत” असा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. तो वाचल्याचं दिसतंय, उत्तर काही आलं नाही.

नंतर पोस्टाने कन्नडमध्ये नोटीस आली की तुम्ही न कळवता गैरहजर आहात. उत्तराची तयारी चालली होती तोवर दुसरं पत्र आलं, पटावरून नाव कमी केलं म्हणून. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. ज्याला आत येऊ दिलं नाही त्यालाच गैरहजर म्हणायचं, हे मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही.

आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलो. दादा कन्नड फर्डं बोलतो, शॉपमध्ये निम्मा दिवस कन्नडच चालतं, पण कायद्याचं कन्नड वाचून लगेच उत्तर लिहिणं त्याला जमणारं नाही. दोन्ही पत्रं गावातल्या एका मास्तरांकडून वाचून घेतली.

आता जो तो वेगळं सांगतोय. एचआर म्हणतं, तू ‘लाइन इनचार्ज’ होतास, तुला कामगार कायदा लागूच होत नाही. चंदगडचा आत्येभाऊ म्हणतो, कोल्हापुरात केस टाकू, तिथे मराठीत सगळं होतंय आणि महाराष्ट्राचा कायदा कडक आहे. कंपनीतून निरोप आलाय की राजीनामा लिहून दिलास तर तीन महिन्यांचा पगार देतो. वहिनी म्हणते घेऊन टाका, आणि तिचं चुकतंय असंही मला वाटत नाही. दोन मुलं शाळेत आहेत, सोसायटीचा हप्ता आहे.

पण दादाला काम परत हवंय. निदान तो गैरहजरीचा डाग पुसला जायला हवा. उद्यमबाग काय, मच्छे काय, होनगा काय, मालक लोक एकमेकांना ओळखतात. ‘पळून गेलेला माणूस’ म्हणून नाव झालं तर दुसरीकडे कोण उभं करून घेणार? सुरुवात कुठून करायची, ते जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी एकच सांगतो, राजीनाम्यावर सही नको. कोऱ्या कागदावर तर नकोच नको. आमच्या फाउंड्रीत “फुल अँड फायनल मिळाले, काही येणे बाकी नाही” असं छापलेल्या कागदावर लोकांनी सह्या केल्या आणि पुढे सगळं अवघड होऊन बसलं.

प्रतिसाद २

मी कामगारांच्या केसेस चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरचा विषय आधी संपवू. आत्येभाऊ म्हणतात तो महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, अनुचित कामगार प्रथांबद्दलचा. तो महाराष्ट्रातल्या आस्थापनांसाठी आहे. भाऊ राबले बेळगावात, काढलं बेळगावात, म्हणजे प्रकरण कर्नाटकातच चालणार आणि उच्च न्यायालयापर्यंत गेलंच तर धारवाड खंडपीठात जाणार. घरी कुठली भाषा बोलता यावर हे ठरत नाही. सीमाभागात या गैरसमजात लोकांचे महिनेच्या महिने जातात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

‘लाइन इनचार्ज’ला घाबरू नका. हुद्द्याचं नाव काय होतं यापेक्षा मुख्य काम काय होतं हे बघितलं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार असलेला माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. पण भाऊ स्वतः मशीनवर उभे राहून जॉब काढत असतील, कुणाची रजा मंजूर करायचा किंवा कुणाला मेमो द्यायचा अधिकार त्यांना नसेल, तर नुसत्या नावाने ते देखरेखवाले होत नाहीत. प्रॉडक्शन शीटवर ऑपरेटर म्हणून त्यांची सही असेल तर तिचे फोटो, प्रती, जे हाताशी आहे ते जपा.

गैरहजरीच्या मुद्द्यावर तुमची बाजू मला भक्कम वाटते. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात जवळपास हाच प्रश्न पाहिला. तिथेही कामगाराचं म्हणणं होतं की मला गेटवरच अडवलं, आणि कंपनी म्हणत होती की आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून नियमाप्रमाणे नोकरी आपोआप गेली. न्यायालयाने सांगितलं की बाजू मांडायची संधी आणि चौकशी यांशिवाय असं काढता येत नाही. त्याला कामावर परत घ्यायचा आणि निम्मा मागचा पगार द्यायचा आदेश झाला. त्यामुळे तो मेसेज डिलीट होऊ देऊ नका. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ फोनही जपा, विकू नका. त्या दिवसांची बसची तिकिटं सापडली तर उत्तमच.

आता कामाचं. या आठवड्यातच कंपनीला पत्र पाठवा: मी कामावर यायला तयार होतो आणि आजही आहे, अमुक तारखांना मला गेटवर अडवलं, गैरहजरीचा आरोप मला मान्य नाही, मला रुजू करून घ्या. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच घ्या. पत्र कन्नड किंवा इंग्रजीत करा, म्हणजे भाषेच्या कारणावरून कुठे अडणार नाही. पण मराठीत वाचून समजून घेतल्याशिवाय भावाने सही करू नये. पुढे कंपनीने चौकशी लावलीच, तर आरोपपत्र समजेल अशा भाषेत मागा आणि ती मागणीही लेखी करा.

त्यानंतर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज. एकट्या कामगाराला काढलं तरी तो औद्योगिक विवाद धरला जातो, युनियन नसली तरी चालतं. अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न करतात, त्याला साधारण ४५ दिवसांची मुदत आहे. नाही जमलं तर त्यांच्या अहवालानंतर ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दाद मागायला तीन वर्षं मिळायची, नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाचं कामच चालत नाही. “बघू, दिवाळी झाल्यावर” असं करू नका.

पैशाचं वेगळं. ग्रॅच्युइटी हा पाच वर्षांच्या नोकरीनंतरचा हक्क आहे, राजीनाम्याच्या बदल्यात मिळणारी मेहेरबानी नव्हे. शेवटचा मासिक पगार (मुख्यतः मूळ अधिक महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण वर्षं. समजा ही रक्कम १४,००० असेल तर सात वर्षांचे सुमारे ५६,५०० आणि अकरा वर्षांचे सुमारे ८८,८०० होतात. म्हणून ती कंत्राटातली चार वर्षं महत्त्वाची. पीएफच्या पासबुकात कोणत्या आस्थापनेने कधी भरणा केला ते दिसतं, ते आजच डाउनलोड करा. कंत्राट नावापुरतं होतं हे सिद्ध करता येतं, पण सोपं नाही, तेव्हा सगळी केस त्यावर उभी करू नका. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याचं कारण कंपनीने काय भरलंय तेही बघा. ‘राजीनामा’ भरलं असेल तर लगेच लेखी हरकत घ्या.

फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्याला लागत नाही. हेल्पलाइन १५१००.

धागाकर्ती

मनापासून आभार. वाचून दाखवल्यावर दादा पहिल्यांदा स्वतःहून उठला आणि स्लिपांची पिशवी काढून बसला. २०१९ पासूनच्या सगळ्या आहेत, त्याआधीच्या काही आहेत काही नाहीत. पत्र मास्तर कन्नडमध्ये करून देतो म्हणालेत.

एक विचारायचं राहिलं. केस चालू असताना त्याने दुसरीकडे काम धरलं तर चालेल का? मच्छेत ओळखीच्या एका शॉपमध्ये रोजंदारीवर विचारलंय. घर चालवायला हवं, पण त्यामुळे “याला आमच्याकडे यायचंच नव्हतं” असं कंपनी म्हणेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद २

खुशाल करू दे. पोट भरायला काम केलं म्हणून परत कामावर घेण्याचा हक्क जात नाही. फक्त लपवू नका. २०१३ च्या दीपाली गुंडू सुरवसे निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बेकायदेशीर काढलं असेल तर मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे, पण मधल्या काळात आपल्याला काम नव्हतं किंवा कमी पगाराचं होतं हे कामगाराने आधी सांगायला हवं. मच्छेत किती दिवस, किती रोज, ते वहीत तारखेवार लिहून ठेवायला सांगा. अर्ज देताना ती वही वकिलाला दाखवा.