प्रतिसाद: मुलांनी वळलेले सोंगप्योन फुटतात

छुसॉक या कोरियन सणाचे सोंगप्योन (तांदळाच्या पिठात सारण भरून वाफवलेले छोटे अर्धचंद्र) मुलांनी वळले की वाफेवर फुटतात, अशी एक तक्रार आली आहे, तिला हा प्रतिसाद. दोष बहुधा मुलांच्या हाताचा नसून पिठाचा आणि आत राहिलेल्या हवेचा असतो.

तांदूळ भिजवून दळलेल्या ओलसर पिठाच्या 2 वाट्यांना उकळतं पाणी 6-8 मोठे चमचे, तेही चमच्याचमच्याने. कोरड्या पिठाला जास्त लागतं. मोदकासारखी उकड काढायची नाही. नुसत्या उकळत्या पाण्यानेच पिठाला चिकटपणा येतो. हे काम मोठ्यांचं. मग भरपूर मळा. मुलांचा वेग कमी, तेवढ्यात पीठ सुकतं आणि कडा चिरतात, म्हणून गोळा ओल्या फडक्याखाली ठेवून एकेक लिंबाएवढी गोळी हातात द्या.

सारण म्हणजे भाजून भरड कुटलेले तीळ, साखर, चिमूटभर मीठ. लहानांसाठी मधाने बांधून घ्या. सुटी साखर कडेला आली की तोंड मिटतच नाही. अर्धा छोटा चमचा पुरे (मुलं दुप्पट भरणारच!). मिटल्यावर मुठीत दोनतीनदा हलकेच दाबून हवा काढायची, मग अर्धचंद्र. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

पाइनच्या झाडाच्या धुतलेल्या सुयांवर (सुईसारख्या पानांवर) 20-25 मिनिटं वाफ. लगेच गार पाण्यात बुडवून सुया काढा, तिळाचं तेल चोळा.