ज्येष्ठ दांपत्यासाठी कोथरूड-कर्वेनगरमध्ये भाड्याचे घर : सल्ला हवा

सुनंदा_कोथरूड
आमच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू होत असल्याने पुढची तीन वर्षे भाड्याने राहावे लागणार आहे. माझे वय ७० आणि यजमानांचे ७६ आहे. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू अधू झाली असून घरात ते वॉकर घेऊन चालतात, बाहेर मात्र व्हीलचेअर लागते. विकासकाकडून मिळणारे भाडे धरून महिना २२ हजार झेपतील. फिजिओथेरपिस्ट घरी येत असल्यामुळे हा भाग सोडायचा नाही. आमची वये कळली की घरमालक "मुले कुठे असतात?" असे विचारतात आणि त्यानंतर फोन उचलत नाहीत. घर घेताना काय पाहावे?

बाणेरवासी
आम्ही आईवडिलांसाठी बाणेरला ३८ हजारांत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला असून तिथे दोन लिफ्ट, जनरेटर आणि क्लब हाउस आहे. थोडे बजेट वाढवा, नंतर हळहळ नको.

स्पष्टवक्ता
ताईंनी २२ हजार लिहिले आहेत आणि कोथरूड लिहिले आहे. क्लब हाउसचे त्या काय करणार? घर पाहायला जाताना टेप सोबत न्यावी. व्हीलचेअरची रुंदी साधारण २५ इंच भरते आणि जुन्या इमारतींत मुख्य दार ऐसपैस असले तरी बाथरूमचे दार पुष्कळदा त्याहून अरुंद निघते. लिफ्ट लहान असेल तर खुर्ची आत शिरते, पण ती ढकलणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही.

अकरा_महिने
अकरा महिन्यांचा करार मुळीच करू नका, दरवर्षी बिऱ्हाड हलवणे तुम्हाला झेपणार नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याचा, करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो, त्यामुळे थेट ३६ महिन्यांचा करावा. बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या बसवण्यासाठी टाइल्सना भोके पाडण्याची परवानगी करारातच लिहून घ्यावी, नाहीतर घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. आमचे कापले होते.

माजी_सेक्रेटरी
नोंदणीही करून घ्या. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतले जाणारे शुल्क) मागितले तर ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत.

अकरा_महिने
ते चार्जेस मालक भरतो, भाडेकरूचा त्याच्याशी संबंध नाही.

माजी_सेक्रेटरी
कागदावर मालक भरतो आणि भाड्यात वसूल करतो. मी नऊ वर्षे सेक्रेटरी होतो.

वारजेकर
मालक बिचकतात ते दोन गोष्टींना : घर रिकामे होईल का आणि रात्री-अपरात्री काही झाले तर कोण धावून येईल. मामांसाठी घर शोधताना मी पुनर्विकासाच्या कराराची प्रत पहिल्याच भेटीत दाखवत असे, म्हणजे यांना परत जायला स्वतःचे घर आहे हे मालकाला दिसते. जवळच्या नातेवाइकाचा फोन क्रमांकही न मागता द्यावा.

तळमजला_नकोच
काहीही करा, परंतु तळमजला घेऊ नका. आमच्याकडे पावसाळ्यात ड्रेनेज तुंबून पाणी थेट मोरीत वर आले होते. शिवाय डास आणि ओल. लिफ्टचीच इमारत पाहा.

स्पष्टवक्ता
या मुद्द्यावर मी सहमत आहे. तळमजल्यालाही पायऱ्या असतातच. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो, त्याहून उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते.

सुनंदा_कोथरूड
सर्वांचे आभार. आपण सर्वांनी लिफ्टची इमारत सुचवली असली तरी कर्वेनगरमधल्या एका जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही २१ हजारांत ठरवला आहे. मालकीणबाई वरच राहतात. दारात दोनच पायऱ्या असून त्यांच्यापुढचे अंगण रॅम्पला पुरेल इतके लांब आहे. बाथरूमचे दार अरुंद आहे, पण वॉकर त्यातून जातो. ते आतल्या बाजूला उघडते. यजमान आत पडले तर दारच उघडणार नाही, म्हणून ते बाहेर उघडणारे करून द्यायला त्या तयार झाल्या. करार ३६ महिन्यांचा आणि नोंदणीकृत आहे. लिफ्ट बंद पडली की अडकून राहणे आम्ही आमच्या इमारतीत पुरेसे भोगले आहे.

तळमजला_नकोच
जूनमध्ये कळवा.

नवा_सभासद
ताई, घर पाहताना दारांची मापे अवश्य घ्या.