पाण्यातला डिटेक्टर कोरड्या वाळूत
पाण्याखालचा मेटल डिटेक्टर जुहूच्या कोरड्या वाळूत चालेल का, असं वर विचारलंय. चालतो, पण आधी जात बघा. पल्स इंडक्शनचा (म्हणजे थांबून थांबून चुंबकीय ठोके सोडून धातू शोधणारा) असेल तर खारट ओल्या वाळूतही शांत राहतो, मात्र लोखंड आणि सोनं यांत फारसा फरक करत नाही. विसर्जनानंतर चौपाटीवर खिळे, तारा, बाटल्यांची बुचं पडलेली असतात. तिथे जवळजवळ प्रत्येक आवाजाला खणावं लागेल. विजेच्या तारांजवळ तो कुरकुरतो, तेव्हा सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा.

कॉइल, म्हणजे टोकाची गोल चकती, पाण्यात तरंगू नये म्हणून मुद्दाम जड केलेली असते, त्यामुळे जमिनीवर मनगट लवकर भरून येतं. दांडा आखूड करा, कोपराचा पट्टा घट्ट बांधा. डिटेक्टरचा बंद डबा उन्हात तापतो, म्हणून सकाळीच निघा.

बॅटरीचं झाकण वाळूत कधीच उघडू नका! ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या, खाचेत एक कण अडकला तरी पुढच्या वेळी पाणी आत शिरतं. घरी ती कडी मऊ फडक्याने पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात.

आणि जमिनीत पुरलेला, १० रुपयांहून जास्त मोलाचा ऐवज सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.