बूटचा क्रम की बुटाचा क्रम?

गोदाकाठ:
मखमलाबादच्या पुढे एका शाळेला आम्ही काही जण जुने संगणक नीट करून देतोय. त्यांना टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ ची आशा सोडून लिनक्स टाकायचं ठरलं. पेन ड्राइव्हवरून ते कसं टाकायचं, याचं एका पानाचं मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलं. त्यातली ही वाक्यं: "संगणक चालू होताच एफ२ दाबत राहा. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट क्रमात यूएसबी सर्वांत वर आणा. एफ१० दाबून जतन करा."

पत्रक लॅबच्या दारावर लावलं. त्याच दारावर आधीपासून पाटी आहे, "बूट-चप्पल बाहेर रांगेत काढावे". पुढचं सांगायला नको. मुख्याध्यापिका बाईंनी 'बूट क्रम'वर लाल रेघ मारून वर 'आरंभक्रम' लिहिलंय. मला तो कार्यक्रमपत्रिकेतला शब्द वाटतो, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक वगैरे.

तर, एक म्हणजे बूट ऑर्डरला, म्हणजे चालू होताना संगणकाने आधी यूएसबी, डिस्क की आणखी कुठे बघायचं त्या क्रमाला, काय म्हणावं? आणि दुसरं, फर्मवेअर म्हणजे यंत्रातच भरलेला, सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम, त्याच्या 'फर्मवेअर प्रेफरन्सेस'ला काय? प्राधान्ये, पसंती, आवडीनिवडी, की सरळ सेटिंग? मला खरं तर हे दुसरंच जास्त नडतंय.

भगूरकर:
बाईंचं अभिनंदन! 'आरंभक्रम'ला काय धाड भरलीय? 'महापौर', 'दिनांक' ऐकून लोक आधी हसलेच होते. आमच्या गावच्या सावरकरांनी ते शब्द दिले आणि आज मेयर म्हणणारा मराठी माणूस शोधून सापडत नाही. वापरायला लागा, रुळेल.

सीबीएस_रिपेअर:
काका, आदर आहे, पण दुकानात बसून बघा एकदा. गिऱ्हाईक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतं. "चालूच होत नाही" म्हणजे वीजच पोचत नाही, बहुतेक एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेलेला. "डिस्प्ले येत नाही" म्हणजे पंखा फिरतोय पण पडदा काळा, मग रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं आणि परत बसवायची. "बूट होत नाही" म्हणजे कंपनीचा लोगो येतो आणि मग पांढऱ्या अक्षरात रडगाणं, बूट डिव्हाइस सापडलं नाही. पाचवी शिकलेला माणूससुद्धा हा फरक बरोबर करतो. 'आरंभ होत नाही' म्हटलं तर मी नेमकं काय उघडायचं?

भगूरकर:
तुमच्या धंद्याची बोली म्हणजे भाषा नव्हे. तुम्ही लोक "विंडोज मारून देतो" म्हणता, म्हणून आम्ही 'प्रस्थापित करणे' सोडायचं का?

सीबीएस_रिपेअर:
'प्रस्थापित' सरकार होतं, काका. विंडोज मारतातच. :)

आडगाव_नाका:
माझ्या मुलीचा अकरावीचा फॉर्म भरला तेव्हापासून माझ्या डोक्यात हा शब्द पक्का बसलाय: पसंतीक्रम. बूट ऑर्डर हुबेहूब तेच करते. पहिल्या नंबरच्या कॉलेजात जागा असली तर तिथे, नसली तर खालचं. यंत्रही आधी यूएसबीत डोकावतं, तिथे बूट होण्याजोगं काही नसलं तर हार्ड डिस्क, तीही नसली तर नेटवर्क. 'बूट पसंतीक्रम' लिहा. 'क्रम' एकटा राहिला की रांग वाटते, म्हणून तर तुमच्या पोरांना चपला आठवल्या.

गोदाकाठ:
पसंतीक्रम आवडला. पण मग 'प्रेफरन्सेस'ला 'पसंती' वापरता येणार नाही, दोन्ही एकाच पानावर येतात. फर्मवेअरबद्दल कोणी काही सांगेल का?

ऱ्हस्वदीर्घ:
एक बारकावा कोणाच्याच लक्षात आलेला नाही. पायातल्या बुटाचं सामान्यरूप होतं: बुटाचा, बुटात, बुटाला, आणि 'बू'चा 'बु' होतो. संगणकाचं होत नाही. "बूटच्या वेळी एरर आली" म्हणतो आपण, "बुटाच्या वेळी" नाही. जुने उसने शब्द मराठीत मुरले आणि चालवले गेले: कोर्टात, बँकेत, तिकिटाला. नवे तसेच ताठ उभे राहतात: लॅपटॉपमध्ये, माउसने. म्हणजे 'बूट' मराठीत दोनदा आला, एकदा गोऱ्या सोजिरांच्या पायातून आणि एकदा संगणकातून, आणि दोन्ही वेळा आपण त्याला वेगळी वागणूक दिली. पत्रकात 'बूटचा क्रम' लिहा, कोणालाही चप्पल आठवणार नाही.

शालीमार_ते_शिंगाडा_तलाव:
हा नियम माझ्या सासूबाईंना सांगा. त्या "मोबाइलात" आणि "फ्रिजात"च म्हणतात.

ऱ्हस्वदीर्घ:
त्यांचंच बरोबर आहे हो, खरी मराठी त्यांची! आपण सामान्यरूप करायला लाजतो, हेच तर दुखणं.

भगूरकर:
बघा, शेवटी शुद्धीवरच आलात.

जुनं_नाशिक:
'बूट' हा मूळचा आपलाच शब्द असावा असं मला फार दिवस वाटतंय. बूड! यंत्र बुडापासून उठतं ते बूट. ड चा ट होणं काही अवघड नाही.

आडगाव_नाका:
साहेब, इंग्रजीत ते 'बूटस्ट्रॅप' आहे. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, ही त्यामागची गंमत. संगणकात प्रोग्रॅम आणायला आधी एक प्रोग्रॅम लागतो, तो कोण आणणार? म्हणून छोटा मोठ्याला ओढून आणतो.

जुनं_नाशिक:
ती त्या थापाड्या जर्मन सरदाराची, बॅरन मुंचहाउसेनची थाप. म्हणजे शब्द जर्मन.

ऱ्हस्वदीर्घ:
नाही. त्या गोष्टीत तो दलदलीतून स्वतःला घोड्यासकट केसांच्या शेंडीला धरून ओढतो. बुटाला नाही. हे दोन लोक कायम एकत्र करतात.

भगूरकर:
शेंडी! मग 'शेंडीक्रम' करा.

सीबीएस_रिपेअर:
@गोदाकाठ, शब्द राहू द्या, पत्रकात एक ओळ वाढवा. जुन्या मशीनची सीआर२०३२ बॅटरी मेलेली असते. ती गेली की घड्याळ मागे जातं आणि बायोसची, म्हणजे तुमच्या त्या फर्मवेअरची, सेटिंग मूळपदावर येते. मग काल लावलेला क्रम आज नाही, आणि मास्तर म्हणतात लिनक्स खराब आहे. आधी तीन व्होल्टची बॅटरी बदला. मशीन थोडं नवं असेल तर एफ२ ऐवजी एफ१२ दाबून त्या एका वेळेपुरता यूएसबी निवडता येतो, क्रमाला हात लावायची गरजच नाही. ही कळ कंपनीगणिक बदलते, एचपीला एफ९.

गोदाकाठ:
हे फार कामाचं. आभार. पण 'मूळपदावर' हा शब्द सहज वापरलात, डिफॉल्टला कसला फक्कड आहे!

द्राक्षबाग_निफाड:
'सेटिंग'च ठेवा. आमच्याकडे शेतकऱ्याला तो शब्द कोणी शिकवायला नको. मणी सेटिंग झालं का, हे गोडबार छाटणीनंतर सगळं गाव एकमेकांना विचारतं. 'मणी प्रस्थापन' म्हणालात तर बागेतून हाकलून देतील.

शालीमार_ते_शिंगाडा_तलाव:
आणि "त्याची वरपर्यंत सेटिंग आहे" हे तिसरं.

आडगाव_नाका:
फर्मवेअरवर थोडं. १९६७ साली संगणकतज्ज्ञ ॲशर ऑप्लर यांनी तो शब्द हार्ड आणि सॉफ्टच्या मधला म्हणून काढला. तेव्हा त्याचा अर्थही जरा वेगळा होता, प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म आज्ञांपुरता. 'बायोस' हा शब्द गॅरी किल्डॉल यांचा, १९७५, त्यांच्या सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेळचा. आजच्या मशीनमध्ये खरं तर बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय असतं, तरी दुकानात सगळे बायोसच म्हणतात. 'पक्की आज्ञावली' कसं वाटतं?

भगूरकर:
'दृढाज्ञा'.

सीबीएस_रिपेअर:
'बायोस' म्हणा, सगळ्यांना कळतं.

ऱ्हस्वदीर्घ:
पण ते चूक आहे, यूईएफआय म्हणजे बायोस नव्हे.

सीबीएस_रिपेअर:
आणि झेरॉक्स ही कंपनी आहे. तरी तुम्ही कॉलेज रोडला जाऊन झेरॉक्सच मागता ना?

जुनं_नाशिक:
बुटाचा विषय निघालाच आहे तर, इंग्रज लोक गाडीच्या मागच्या सामानाच्या कप्प्यालाही बूट म्हणतात. आपण डिकी म्हणतो. हा 'डिकी' कुठला?

द्राक्षबाग_निफाड:
जुन्या गाड्यांना मागे उघडी डिकी सीट असायची, तिथून. आमच्या आजोबांच्या बोलण्यात 'मागची पेटी' होती.

शालीमार_ते_शिंगाडा_तलाव:
मग ओम्नीला डिकी असते की नाही? माझे मिस्टर म्हणतात नुसतं मागचं दार असतं.

जुनं_नाशिक:
सीटमागे पिशव्या मावतात, म्हणजे डिकी. स्कूटीला सीटखाली डिकी म्हणतोच की.